मोरीतील अंधारखोली

मजपाशी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही आहे. मूळची ती वडिलांनी सुताच्या हिशेबाकरिता आणलेली रोजकीर्द. परंतु सात पानांपुढे सुताचे भाव टिपून ठेवण्याचे त्यांनी का कोण जाणे सोडून दिले, आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर १९६९च्या जानेवारीपासून मी घरी धुतलेल्या प्रत्येक कृष्णधवल फिल्मची नोंद होत आली. तारीख, फिल्मचे नाव, पाण्याचे उष्णतामान, डेव्हलपरचे प्रमाण, मिनिटे, आणि अखेरच्या रकान्यात एकदोन शब्दांत निकाल, असा तिचा जाबता. पहिल्या दोन वर्षांत त्या अखेरच्या रकान्यात 'वाया' हा शब्द इतका आलेला आहे की पुढे पुढे मी नुसता 'वा' लिहू लागलो, आणि परवा ती वही चाळताना माझ्या भाचीने तो 'वा!' असा प्रशंसेने वाचला.

या उद्योगाचा आरंभ तक्रारीतून झाला. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची बारा चित्रे मी उसन्या आग्फा क्लिकवर टिपली आणि रोल गावातील एका स्टुडिओत धुण्यास दिला. आठ दिवसांनी परत आलेल्या निगेटिव्हवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन समांतर ओरखडे होते. जणू नंदीध्वजांच्या माथ्यावरून कोणी विजेच्या तारा ओढल्या होत्या. दाद मागण्यात अर्थ नव्हता. नव्या पेठेत एक वृद्ध छायाचित्रकार राहत, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, त्यांनी ती पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हाती धुणं दिलं की बटणं तुटायचीच. स्वतः धू."

धुणे हा शब्द आपल्या भाषेने या कामाला लावला तो मोठ्या समजुतीने लावला असे मला वाटते. परंतु त्यामुळे घरात तंटा झाला खरा. आमच्या मोरीत एकच धुणे होत असे आणि त्याची सत्ता आईकडे होती. अखेर असा तह झाला की पहाटे चारपासून बंबात जळण पडेपर्यंत मोरी माझी. हा काळ निव्वळ नाइलाजाने मिळाला, पण तोच योग्य ठरला, कारण फिल्म टाकीच्या चक्रीवर चढविण्याचे काम पूर्ण काळोखात करावे लागते, आणि दिवसा सोलापुरात काळोख करावयाचा तर दोन सोलापुरी चादरी एकावर एक घेऊन त्यांच्या आत बसावे लागे, जेथे पाच मिनिटांत हाताला घाम सुटून फिल्म चक्रीच्या खाचेत अडके. अडकलेली फिल्म दामटू नये, किंचित मागे घ्यावी, बोटे कोरडी करावीत आणि कागदी पाठ सुटताना होणारा बारीक आवाज ऐकत पुन्हा सारावी, हे तात्यांनी मला उजेडात, एका खराब रोलवर, डोळे मिटून करावयास लावून शिकविले.

डेव्हलपर विकतचा मिळे, पण तो घरी करणे निम्म्याहून स्वस्त पडे. कोडॅकचा डी-७६ हा नुसखा १९२० नंतरच्या दशकातला, आणि इल्फर्डचा आय-डी ११ म्हणजे नाव बदललेला तोच: लिटरभर पाण्यास मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर मी मेटॉल जोखून घेई, आणि त्या गृहस्थाने गुंजेच्या हिशेबाने हे कोणते विष चालले आहे असे एकदाही विचारले नाही, ही त्याची थोरवी. क्रम मात्र चुकवून चालत नसे: सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, म्हणून कोमट पाण्यात सल्फाइटची केवळ चिमूट टाकून प्रथम मेटॉल, आणि मग बाकीची मंडळी. तयार द्रावण तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावे लागे, कारण वर हवा राहिली की ते चहासारखे लाल होऊन निकामी होई. रोलागणिक पातळी उतरू लागली म्हणजे मी धाकट्या भावाच्या गोट्या एकेक करून बाटलीत सोडीत असे, आणि पातळी पुन्हा बुचाला भिडे. त्या गोट्यांवरून झालेली मारामारी वहीत नोंदलेली नाही.

नोंदलेली आहे ती दुसरी गोष्ट. १९७० साली मावसबहिणीच्या लग्नाचा रोल मी धुवावयास घेतला आणि पहाटेच्या झोपेत डेव्हलपरच्या आधी, चित्र पक्के करण्यासाठी अखेरीस घालावयाचा, हायपो ओतला. हायपोने चांदीचे क्षार विरघळतात हे सर जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच दाखविले होते, आणि माझ्या मोरीत ते पुनश्च सिद्ध झाले: चक्री उलगडली तो फिल्म खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ, नवरा नाही, नवरी नाही, अक्षता नाहीत. त्या दिवसापासून हायपोच्या बाटलीच्या गळ्याला सुतळीची गाठ आहे, कारण काळोखात डोळ्यांपेक्षा बोटांची साक्ष अधिक ग्राह्य धरावी लागते.

परंतु खरा झगडा होता तो उन्हाशी. फिल्मच्या पाकिटातील चिठ्ठीवर जे कोष्टक छापलेले असे ते २० अंश सेल्सिअस गृहीत धरून. आणि आमच्या नळाचे पाणी चैत्र-वैशाखात ३२ अंशांवर जाई. मी आरंभी, छापील शब्दास प्रमाण मानून, घमेल्यात बर्फ आणून डेव्हलपर २० अंशांवर उतरवी, त्यात हिशेबाने दहा मिनिटे देई, आणि मग नळाच्या पाण्याने खळखळून धुई. थंडाईतून एकदम भट्टीत पडलेले ते जिलेटिन सुरकुतून त्यावर वाळल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगांचे जाळे उमटे, आणि त्या जाळ्यातून आमचे आजोबा पाहत असत. तात्यांचा उपाय वेगळा होता आणि तो कोणत्याही चिठ्ठीवर छापलेला नव्हता: पाणी थंड करण्याच्या मागे लागू नकोस, सगळ्यांचे पाणी एक कर. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी रात्री एकाच माठाशेजारी, ओल्या गोणपाटाखाली ठेवावे; पहाटे ते सारे २७ अंशांवर आलेले असे. मग अंशागणिक वेळ सुमारे दशांशाने घटवावा, म्हणजे दहाची जेमतेम पाच मिनिटे होत. आणि पाचाहून कमी वेळात द्रावण सर्वत्र सारखे लागत नाही, म्हणून डेव्हलपर पाण्याने निम्मे पातळ करून तो वेळ पुन्हा लांबवावा. हायपोत तुरटी, जेणेकरून उन्हाने मऊ पडलेले जिलेटिन घट्ट व्हावे. दाढीनंतर गालावर फिरवावयाची ती तुरटीच येथे आजोबांचा चेहरा राखीत असे.

फिल्मची निवड कशी करावी, असे आता मला कोणी विचारले म्हणजे हसू येते. कारण त्या काळी निवड आम्ही करीतच नव्हतो. आयात परवान्याच्या जमान्यात दुकानात जे आले ते आपले. बहुधा येई ते पूर्व जर्मनीतील व्होल्फेनचे ऑर्वो: एन्‌पी-२० म्हणजे ८० एएसए, एन्‌पी-२७ म्हणजे ४००. इल्फर्डचे एफ्‌पी-४ मुंबईहून कोणी आणले तर सणासाठी राखून ठेवावयाचे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातून १९६७पासून माल निघू लागला आणि 'इंदू' हे गोड नाव घेऊन तोही आमच्या उन्हात उतरला. मी ऑर्वोचा अभिमानी होतो, आणि त्याचे कारण तांत्रिक कमी व हट्टाचे अधिक होते: मला त्याची मिनिटे पाठ होती.

तात्यांच्या पिढीला मात्र खरी निवड करावी लागली होती. त्यांची हयात गेली ती ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्मा यांवर, ज्यांना तांबडा रंग दिसत नाही. म्हणून तांबड्या दिव्याखाली तबकात पट्टी हालवीत, चित्र उगवताना डोळ्यांनी पाहत धुता येई. त्या आंधळेपणाची खूण आपल्या प्रत्येक घरातील जुन्या छायाचित्रात आहे: पणजीच्या कपाळी कुंकू काळेभोर दिसते. पुढे सर्व रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, कोडॅकच्या व्हेरिक्रोमने देखील १९५६ साली तोच पंथ स्वीकारला, आणि कुंकू करडे होऊन गव्हाळ कातडीत मिसळू लागले. विवाहितेचे कुंकू पुसट आले म्हणून एका सासूबाईंनी छायाचित्र परत केल्याची हकिकत तात्या सांगत. त्यांनी ते ब्रशाने काळे करून दिले. मला अजूनही वाटते की आपल्या कुटुंबांच्या संग्रहांतील चित्रांचा काळ ठरविण्यास कपाळ पाहणे हे मागच्या बाजूची तारीख पाहण्याइतकेच उपयोगी पडेल.

तात्या म्हणत की घरच्या अंधारखोलीचे मूळ पीठ दादरला, फाळक्यांच्या घरी. कच्च्या फिल्मला काळोखात भोके पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे ही कामे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, म्हणजे १९१३पूर्वी, सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि संसार सांभाळून त्यांनी ती केली. हे मी आईला ऐकविले, तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांच्या मोरीत त्या बाईंची सत्ता होती. इथं तुझी आहे काय?"

गड्ड्याची चित्रे मला साधली ती १९७६ साली. अडचण होती पांढऱ्या बाराबंदीची: जानेवारीचे ऊन, शुभ्र बाराबंदी घातलेले शेकडो मानकरी, आणि त्यांचे काळेसावळे चेहरे. प्रकाश चेहऱ्यास पुरेल इतका द्यावा आणि धुताना मिनिटे पाचवा हिस्सा कमी करावीत, म्हणजे छाया भरते आणि पांढरे जळत नाही. त्या निगेटिव्हमध्ये बाराबंदीच्या बंदांच्या गाठी दिसतात. वहीत निकालाच्या रकान्यात 'ठीक' असे आहे. त्याहून मोठा शब्द मी लिहिला नाही, कारण ती पट्टी वाळत असताना रात्री एका झुरळाने चौथ्या चित्राचा कोपरा खाल्ला होता. जिलेटिन त्यांना आवडते.

पुढचा काळ लवकर सांगून होतो. रंगीत रोल आणि तासाभरात छापून देणारी यंत्रे आली. जर्मनी एक झाली आणि ऑर्वो दिसेनासे झाले. २००४ साली इल्फर्डचे दिवाळे वाजले व तेथल्याच अधिकाऱ्यांनी ते उचलून धरले, २०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, इंदूचा कारखानाही बंद पडला. वहीत १९९३ ते २०१५ एवढी एकच कोरी जागा आहे, दोन ओळींची.

पुन्हा नोंदी सुरू झाल्या त्या भाचीमुळे. तिने मागविलेली फिल्म विमानाने येते आणि एका रोलला पूर्वीच्या महिन्याच्या भाजीइतके पैसे पडतात. एकदा तिने कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड कालवून डेव्हलपर केला; रॉचेस्टर येथील विद्यार्थ्यांच्या एका वर्गाने १९९५ साली कॉफीचा हा मार्ग काढला असे तिने सांगितले. वास असा सुटला की शेजारी विचारून गेले, परंतु चित्रे आली. "मामा, मोबाईलवर बघा, तेरा मिनिटं म्हणतंय," ती म्हणाली. मी तिला पाण्यात बोट घालावयास सांगितले.

गेल्या वैशाखातील नोंद अशी: एच्‌पी-५, डी-७६ निम्मे पातळ. माठाशेजारचे पाणी २७ अंश, तिन्ही बाटल्या सारख्या. सात मिनिटे. तुरटी घातली. चादरीला आणखी एक डाग. ठीक.