पहिले अठ्ठावीस दिवस

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असा निरोप आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पेढे वाटले जातात, पाचवीच्या पूजेची तयारी सुरू होते. पण मैत्रिणींनो, बाळाची खरी परीक्षा तिथून पुढेच असते. आपल्या देशात पाच वर्षांच्या आत जी मुलं दगावतात, त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. गरिबाघरी हा धोका अधिक. आई अशक्त, बाळ कमी वजनाचं, दवाखाना लांब आणि एक दिवस खाडा केला तर चूल पेटत नाही!

मग अशा बाळांना डॉक्टरच हवा का? या प्रश्नाचं उत्तर गडचिरोलीच्या बायकांनी दिलं आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. लहान मुलांमध्ये न्यूमोनियाचे बळी बरेच. आजार ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायला हवेत, पण निरक्षर सुईणीनं साठपर्यंत मोजायचं कसं? त्यासाठी एक साधं साधन केलं गेलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर समजायचं, बाळाला न्यूमोनिया आहे. डोकं केवढं चाललंय बघा!

पुढे १९९५ पासून ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन देणं. त्या घरोघर जाऊ लागल्या. आधी हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगानं दखल घेतली.

२०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईनं घरी यायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात खरी, पण दोन-तीन दिवसांत बाळ घरी येतं, आणि उरलेला नाजूक काळ घरातच जातो. म्हणून या भेटी महत्त्वाच्या.

आपल्याला काय ठाऊक हवं?

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, हातपाय ढिले पडले, रडणं मंदावलं, पोट उडायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दृष्ट काढून सकाळची वाट बघायची नाही. श्वास मोजताना बाळ शांत असावं, पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट मोजावं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर धोका समजावा.

पहिलं चिकाचं दूध फेकू नये, तीच बाळाची पहिली लस. मध, गूळपाणी, घुटी काही नको. पहिल्या दिवशी आंघोळ नको. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवलं की छान ऊब मिळते.

हे आपल्याला कळलं, पण खरी गरज कुणाला आहे? गावाबाहेरच्या वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोपीत, बांधकामाच्या पत्र्याखाली बाळंत झालेल्या बाईला. तिची नोंद तिच्या गावी राहिली, तिथली आशाताई तिथेच. इथे तिला कुणी ओळखत नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींची सूनही त्यातलीच असू शकते. तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत किंवा आशाताईला कळवणं, एवढं तर आपण करू शकतो ना? सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आणीची गाडी मोफत आहे, हेही तिला सांगायला हवं. पैशाच्या धास्तीनं किती बायका उंबरठ्यावरच अडतात!

गडचिरोलीच्या त्या आरोग्यदूत बायका फार शिकलेल्या नव्हत्या. पण शेजारणीच्या घरी जाऊन ‘बाळ दूध पितंय ना गं?’ हे त्यांनी न चुकता विचारलं. आपणही विचारू या. उत्तर ‘नाही’ आलं, तर तिला एकटीला न सोडता सोबत दवाखान्यात जाऊ या.