तेरा नंबरचा दिवा

आर्डुइनो ऊनोच्या बोर्डवर ‘एल’ या अक्षराशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी असतो, तेरा नंबरच्या पिनशी जोडलेला. तो सेकंदभर लावायचा, सेकंदभर विझवायचा. मायक्रोकंट्रोलर हाती घेणाऱ्याचा पहिला प्रोग्रॅम बहुधा हाच. त्यात उजेडाचं अप्रूप नाही. दिवा लुकलुकला, की कंपायलर, केबल, पोर्ट आणि चिप यांचं आपसांत जमलं, एवढी खात्री पटते.

आर्डुइनो जन्मला २००५ मध्ये, इटलीतल्या इव्रेआच्या डिझाइन संस्थेत. इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो होता, म्हणून बरंच काही झाकून ठेवतो. खरी गंमत त्या झाकणाखाली आहे.

‘अपलोड’ दाबलं की आधी आपल्या ओळींची हेक्स फाइल बनते. मग यूएसबीवरून एक इशारा जातो आणि एक छोटा कपॅसिटर चिपला रीसेटचा धक्का देतो. जागी झालेली चिप आधी बूटलोडर चालवते. चिपच्या फ्लॅश मेमरीच्या शेवटच्या ५१२ बाइटांत बसलेला हा द्वारपाल क्षणभर कानोसा घेतो. कोणी बोललंच नाही तर जुना प्रोग्रॅम सुरू करतो. बोललं तर १२८ बाइटांचं एकेक पान लिहून घेतो. लिहिलेलं परत वाचून ताडलं जातं, मगच नवा प्रोग्रॅम धावतो. हे सगळं काही सेकंदांत. फ्लॅश येण्याआधी ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून जुना मजकूर पुसावा लागे आणि त्यात दहा-वीस मिनिटं सहज जात. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपची फ्लॅश मात्र दहा हजार वेळा पुसून लिहिता येते. शिकणाऱ्याने बिनधास्त चुकावं.

माझी तक्रार आहे ती थांबायला सांगणाऱ्या ‘डीले’ या आज्ञेवर. सेकंदभर थांबा म्हटलं, की १६ मेगाहर्ट्झची चिप १ कोटी ६० लाख ठोके निव्वळ घड्याळ बघत घालवते. तेवढ्यात कोणी बटण दाबून सोडलं तर प्रोग्रॅमला पत्ताही नसतो. शिवाय एवढ्याशा कामाला ९०० हून जास्त बाइट! तेरा नंबरची पिन ज्यात येते त्या पोर्ट बीच्या रजिस्टरशी थेट बोललं तर दोनशेच्या आत भागतं.

त्यामुळे पहिला दिवा लागला, की ‘डीले’ काढून टाकावा आणि चिपमधला टायमर-१ हाती घ्यावा. घड्याळाला १०२४ ने भागलं की सेकंदाला बरोबर १५,६२५ ठोके उरतात. मोजणी शून्यापासून, म्हणून तुलनेच्या रजिस्टरमध्ये १५,६२४ लिहायचं. दिवा तसाच लुकलुकतो, आणि प्रोसेसर बटणाकडे बघायला मोकळा.