जिचें सुतक नाहीं

घरांतील माणूस गेलें म्हणजे पुढें काय करावयाचें, हें आपल्याकडे कोणास विचारावें लागत नाहीं. सुतक किती दिवसांचें, कोणत्या दिवशीं कोणता विधि, सारें ठरलेलें असतें. दुःखानें बधिर झालेल्या मनाला या ठरलेपणाचा केवढा आधार होतो, तें ज्याच्यावर प्रसंग आला असेल तोच जाणे. परंतु चौदा-पंधरा वर्षें घरांत वावरलेलें मांजर गेलें म्हणजे काय करावें? शास्त्रकारांनीं मांजराचा विचारच केला नाहीं, असें नव्हे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मांजर मारणाऱ्यास प्रायश्चित्त सांगितलें आहे आणि त्याच अध्यायांत मांजराचें उष्टें खाणाऱ्यासहि सांगितलें आहे. काशीला जाऊन सोन्याचें मांजर वाहण्याची गोष्ट तर आपण आजीच्या तोंडून ऐकलेलीच असते. मांजर मारलें तर विधि आहे, मांजरानें ताटाला तोंड लावलें तरी विधि आहे; पण ज्याला जिवापाड सांभाळलें तें मांजर गेलें, तर घरच्यांनीं काय करावें याविषयीं एक अक्षर नाहीं.

गेल्या आषाढांत आमच्या निगडीच्या घरीं हाच प्रश्न उभा राहिला. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ सालीं स्थापन झालें, आणि आसपासच्या कारखान्यांत नोकरीस आलेल्या अनेक कुटुंबांनीं पुढें प्राधिकरणाच्या भूखंडांवर घरें बांधलीं. आमच्या मामंजींचें घर त्यांपैकींच एक. घरांत मामंजी, सासूबाई, धाकटे दीर व जाऊबाई, आम्ही दोघें आणि चार मुलें. मांजर कोणी हौसेनें आणलें नाहीं. मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते म्हणतात. त्यांत आमचें घर कितवें होतें कोण जाणे, पण पिंगी आमच्याकडे राहिली ती कायमचीच. दोन वर्षांनीं काळू बोकाहि आला.

एकत्र कुटुंबांत मांजर कोणा एकाचें नसतें. पिंगी पहाटे सासूबाईंच्या मागोमाग उठे आणि पूजा आटोपेपर्यंत देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून राही. आंत पाऊल टाकीत नसे, म्हणून सोंवळ्याचा तंटा कधीं झाला नाहीं. मामंजी तोंडानें तिला 'हट्' म्हणत आणि वाचून झालेलें वर्तमानपत्राचें एक पान मुद्दाम तिच्यासाठीं जमिनीवर टाकीत. दुपारीं ती जाऊबाईंच्या शिवणयंत्राखालीं असे, रात्रीं अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या वहीवर.

तिच्या आहाराचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. दूधभातावर मांजर सुखानें जगतें अशी आपली समजूत आहे. परंतु मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांस-मासळींतूनच मिळावें लागतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते, हें १९७५ सालीं आणि हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. शिवाय मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना गाईचें दूध पचतहि नाहीं. आमच्या घरांत मांस-मासळी येत नाहीं. अखेर टॉरिन घातलेलें तयार खाद्य आणावें, त्याचें भांडें व चमचा निराळा ठेवावा आणि तें मागच्या गॅलरींतच द्यावें, असें ठरलें. निकाल सासूबाईंनींच दिला. "तिचा धर्म तिला, आपला आपल्याला," एवढेंच त्या म्हणाल्या.

चौदाव्या वर्षीं पिंगी पाणी फार पिऊं लागली आणि वाळत चालली. डॉक्टरांनीं रक्त तपासून मूत्रपिंडाचा विकार सांगितला. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो, आणि मूत्रपिंडांचें निम्म्याहून बरेंच अधिक काम थांबेपर्यंत बाहेर लक्षण दिसत नाहीं. म्हणून सात-आठ वर्षांवरील मांजराचें रक्त वर्षांतून एकदां तपासून घेणें शहाणपणाचें. आपल्या औषधाच्या डब्यांतील गोळी तर त्याला कधींच देऊं नये. पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा जीव घेऊं शकते. सात महिने दीर दिवसाआड तिच्या कातडीखालीं सलाइन देत आणि जाऊबाई तिला टॉवेलांत गुंडाळून धरीत. पुढें अन्न सुटलें. डॉक्टर म्हणाले, "आतां नुसत्या यातना उरल्या आहेत. तुमची संमति असेल तर इंजेक्शन देऊन तिला शांतपणें झोंपवितां येईल."

त्या रात्रीं घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. सासूबाईंनीं मामंजींना विचारलें, "अहो, हें मारणें झालें कीं सोडविणें?" मामंजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या हाताला दोष लागूं नये म्हणून तिनें यातना भोगाव्या, हें मला पटत नाहीं. पण तूं नको म्हणालीस तर होणार नाहीं." सासूबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. सकाळीं डॉक्टर आले तेव्हां त्यांनीं आपल्या जुनेराची घडी पिंगीखालीं घातली आणि शेवटपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मागच्या अंगणांत पारिजातकाखालीं खोल खड्डा घेऊन तिला पुरलें. सासूबाईंनीं स्नान केलें. त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत. कोणी कारण विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एक परिचित गृहस्थ हंसून म्हणाले, "मांजरच तें! दुसरें आणा." त्यांचा हेतु वाईट नव्हता, पण मांजरासाठीं शोक करणें हें कांहीं आजचें खूळ नव्हे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो कीं, मिसर देशांत ज्या घरीं मांजर आपल्या मरणानें मरे, त्या घरचीं सारीं माणसें भुंवया काढून टाकीत. म्हणजे तेथें मांजराचें सुतक होतें! सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका माणसाच्या कबरीशेजारीं, अवघ्या ४० सेंटिमीटरांवर, सुमारें आठ महिन्यांचें मांजर पुरलेलें सांपडलें. २००४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. मांजर त्या बेटावरचें मूळचें नव्हे. कोणी तरी तें नावेंतून बरोबर नेलें असलें पाहिजे.

आपल्याकडे विधि नाहीं, म्हणून ज्याच्या त्याच्या मनाला सुचेल तें त्याला करूं द्यावें, एवढेंच घरांतील वडील मंडळींना सुचवावेंसें वाटतें. लहान मुलांना 'निघून गेली' असें सांगूं नये. तीं दाराशीं वाट पाहात बसतात. 'मेली' हाच शब्द वापरावा आणि त्यांना मूठभर माती टाकूं द्यावी. मूल एक दिवस जेवलें नाहीं तर रागावूं नये. मागें राहिलेल्या जनावराचें खाणें-पिणें नेहमींच्या वेळीं चालूं ठेवावें. आमचा काळू कित्येक दिवस शिवणयंत्राखालीं जाऊन ओरडे. दुसरें पिलूं लगोलग आणूं नये. आणि घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे विशेष लक्ष असावें. मुलें रडून मोकळीं होतात. पण ज्यांनीं वर्षानुवर्षें त्या जनावराला तोंडानें 'हट्' म्हटलें, त्यांना रडण्याची सोय नसते. त्यांच्याजवळ घटकाभर बसून त्या मांजराच्या चार आठवणी काढाव्या. तीं माणसें आपण होऊन पांचवी सांगतात.