पश्चदीपांवरील काळा लेप, मोटारगाडीच्या

पश्चदीपांवरील काळा लेप, मोटारगाडीच्या : मोटारगाडीच्या मागील बाजूस दोन्ही अंगांना बसविलेल्या दिव्यांच्या संचास पश्चदीप, व्यवहारात टेललाइट, म्हणतात. रात्री गाडीचे अस्तित्व दर्शविणारा तांबडा दिवा, ब्रेक दाबताच अधिक प्रखरतेने लागणारा दिवा, वळण्याची दिशा सांगणारा पिवळसर दिवा व मागे येताना लागणारा पांढरा दिवा हे या संचाचे प्रमुख भाग होत. त्यातच किंवा त्यालगत तांबडा परावर्तक असतो. गाडी देखणी दिसावी म्हणून काही जण या दिव्यांवर फवाऱ्याच्या डब्यातून काळसर पारदर्शक रंग मारतात. हा लेप दिव्यास इजा न होता काढता येतो. मात्र त्यासाठी लेप व दिव्याचे आवरण यांचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे लागते.

लेपाचे परिणाम : लेपातून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दिव्याची तीव्रता निम्म्यावर येते. परावर्तकाच्या बाबतीत हानी याहून मोठी असते. मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश लेपातून आत जातो व परतताना पुन्हा त्याच लेपातून बाहेर पडतो. त्यामुळे निम्मा प्रकाश पार करणाऱ्या लेपाखालील परावर्तक मूळच्या केवळ एक चतुर्थांश प्रकाश परत पाठवितो. ३० टक्के प्रकाश पार करणाऱ्या लेपाखाली हे प्रमाण ९ टक्क्यांवर येते. दिवे मालवून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीची खूण मुख्यतः परावर्तकावरूनच पटत असल्याने ही घट गंभीर ठरते. दिवसा प्रश्न ब्रेकच्या दिव्याचा असतो. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन अर्ध्या सेकंदात सु. ८ मी. अंतर कापते. पुढील गाडीचा ब्रेक लागल्याचे ध्यानात येण्यास तेवढा उशीर झाला, तरी थांबण्याचे अंतर तितकेच वाढते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. देवगड, मालवण व वेंगुर्ले यांना जोडणारा सागरी मार्ग अरुंद व वळणावळणांचा असून त्यावर गावाबाहेर दिव्यांची सोय अनेक ठिकाणी नाही. आंबोली येथे वर्षाला ७०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात घाटात दाट धुके उतरते. जांभ्या दगडाच्या तांबड्या चिखलाचे शिंतोडे दिव्यांवर बसतात, ते वेगळेच. अशा वेळी पुढील गाडीचा ठाव तिच्या तांबड्या दिव्यांवरूनच घ्यावा लागतो.

आवरणाचे द्रव्य : दिव्याच्या आवरणास बोलीत ‘काच’ म्हणत असले, तरी आधुनिक गाड्यांत ते प्लॅस्टिकचे असते. पश्चदीपांसाठी बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट, वापरतात. हे प्लॅस्टिक स्वच्छ स्थितीत सु. ९२ टक्के दृश्य प्रकाश पार करते व उन्हात दीर्घकाळ टिकते. पुढील दिव्यांसाठी प्रायः पॉलिकार्बोनेट वापरतात. ते आघातास अधिक चिवट, पण ओरखड्यांस व उन्हास कमी टिकणारे असते. [⟶ प्लॅस्टिक व प्लॅस्टिके].

लेप काढण्यातील अडचण येथेच आहे. फवाऱ्याचे पुष्कळसे रंग स्वतः ॲक्रिलिक जातीच्या राळेपासून केलेले असतात. म्हणजे लेप व आवरण ही एकाच कुळातील द्रव्ये होत. थिनर, ॲसिटोन किंवा नखांवरील रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव यांनी लेप विरघळतो, परंतु त्याखालील आवरणही मऊ पडून कायमचे धुरकट होते. साच्यात घडताना आवरणात काही ताण शिल्लक राहिलेले असतात. विद्रावक लागताच त्या जागी केसासारख्या बारीक चिरा पडतात. पेट्रोल व स्पिरिट यांनीही असे घडू शकते. या चिरा पृष्ठभागाच्या आत गेलेल्या असल्याने पॉलिश करून सहसा जात नाहीत. ब्रेक तेलाने लेप कधीकधी सुटतो, पण ते गाडीच्या रंगावर ओघळल्यास तो रंगही निघतो. म्हणून लेप विरघळविण्यापेक्षा तो थराथराने घासून काढणे श्रेयस्कर होय.

काढण्याची रीत : शक्य असल्यास दिवा गाडीपासून सोडवून घ्यावा. तसे न जमल्यास भोवतालच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत. सुटा केलेल्या दिव्याची मागील भोके झाकावीत, अन्यथा आत पाणी शिरून आवरणावर आतून दव साचते. काम सावलीत करावे. प्रथम साबणाच्या पाण्याने धूळ, वाळू व समुद्रवाऱ्याने बसलेले मीठ धुऊन काढावे. वाळूचा एखादा कण राहिला, तरी घासताना खोल ओरखडा उमटतो.

लेप रबरासारखा सोलता येणारा असेल, तर कडेला नखाने उचलून तो पापुद्र्यासारखा ओढून काढता येतो. पक्क्या लेपासाठी पाण्यात भिजविलेला पॉलिश कागद वापरतात. लेप जाड असल्यास ८०० क्रमांकाच्या, पातळ असल्यास १,००० क्रमांकाच्या कागदाने आरंभ करून क्रमाने १,५००, २,००० व ३,००० क्रमांकांचे कागद घ्यावेत. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेशी काटकोनात ठेवली, म्हणजे मागील ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसते. कागद व पृष्ठभाग सतत ओले ठेवावेत. निघणाऱ्या पाण्याचा रंग ही खूण होय : पाणी काळे येते तोवर लेप निघत असतो, ते पांढरे किंवा तांबूस येऊ लागताच आवरण लागले असे समजून त्या जागी जाड कागद थांबवावा. आवरणावर साच्यातच उठविलेली प्रमाणनाची अक्षरे घासू नयेत.

शेवटी रबिंग कंपाउंड व त्यानंतर प्लॅस्टिकसाठीचे पॉलिश मऊ कापडाने हातानेच लावावे. यंत्र वापरल्यास वेग मंद ठेवावा, ॲक्रिलिक सु. १००° से. तापमानास मऊ होऊ लागते आणि घर्षणाच्या उष्णतेने ते चरबटते. उष्ण हवेचा झोत देणारे यंत्रही याच कारणास्तव टाळावे. ॲक्रिलिक मुळातच उन्हास टिकाऊ असल्याने त्यावर पुन्हा पारदर्शक रोगण मारण्याची सहसा गरज नसते. मेणाचा पातळ हात पुरतो.

तपासणी व कायदा : काम झाल्यावर अंधारात दोन्ही बाजूंचे दिवे लावून त्यांची तुलना करावी. परावर्तकाची परीक्षा वेगळी करावी लागते. दिवे मालवून काही अंतरावर उभे राहून विजेरी डोळ्याजवळ धरली असता परावर्तक तांबडा व उजळ दिसला पाहिजे. तो प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवीत असल्याने विजेरी डोळ्यापासून दूर धरल्यास ही परीक्षा फसते. आवरण आधीच चिरलेले किंवा धुरकटलेले असल्यास दिवा बदलणे इष्ट.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मनाई असून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०४ व १०५ अनुक्रमे परावर्तक व दिवे यांसंबंधी आहेत. पश्चदीप हा गाडीचा अलंकार नसून मागून येणाऱ्यास दिलेली सूचना आहे. गाडी चालविणाऱ्यास तो स्वतः दिसत नाही, म्हणूनच त्याची निगा अधिक काळजीपूर्वक घ्यावी लागते.