प्रशिक्षणाचा दिवस आणि वर्गाचा दिवस

लहान गावच्या शाळेत बहुधा दोन शिक्षक असतात आणि त्यांच्याकडे मिळून चार-पाच इयत्ता असतात. त्यांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणासाठी सेलूस किंवा वर्ध्यास गेला म्हणजे त्या दिवशी सर्व इयत्तांचा भार दुसऱ्यावर पडतो. तो एका वर्गास गणिते घालून देतो, दुसऱ्यास शुद्धलेखन देतो आणि पहिलीच्या मुलांस जवळ बसवून घेतो. दिवस कसाबसा पार पडतो. प्रशिक्षणाचा प्रवासभत्ता शासन देते. परंतु त्या दिवसाची खरी किंमत त्या वर्गातील मुले देत असतात. यास्तव प्रशिक्षणाचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, मुलांनी दिलेला तो दिवस त्यांना परत मिळतो काय, आणि मिळत असेल तर कोणत्या रूपाने.

हिशेब करून पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत असे म्हटले आहे. ५० तास म्हणजे ८०० तासांचा सोळावा भाग. यांपैकी काही तास सुटीत किंवा सायंकाळी जातील, काही शाळेच्या वेळात जातील. कसेही गेले तरी एवढा काळ ज्या कामात खर्च होतो, ते काम नुसत्या हजेरीपटावरील सहीने पुरे झाले असे मानता येणार नाही.

शिक्षकाच्या शिक्षणाची जुनी वाट

शिक्षकाला शिकवावे लागते, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल क्लास निघाला व त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे होती. विषय येणे निराळे आणि तो मुलास शिकविता येणे निराळे, ही जाणीव त्या वर्गाच्या मुळाशी होती.

वर्धा जिल्ह्याचे या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तीत ठरल्याप्रमाणे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा अहवाल तयार झाला. पुढे हिंदुस्थानी तालिमी संघाचे काम सेवाग्रामास चालले आणि नयी तालीमचे शिक्षक तेथे घडू लागले. १९३८ साली तत्कालीन मध्यप्रांताच्या विद्यामंदिर योजनेसाठी शिक्षक तयार करणारी शाळाही वर्ध्यातच निघाली.

झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमाइतकाच विचार शिक्षकाचा केला होता. नव्या शिक्षकासाठी तिने तीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण सुचविले आणि अनुभवी शिक्षकासाठी एक वर्षाचा छोटा पाठ्यक्रम सुचविला. अनुभवी शिक्षक कोऱ्या पाटीसारखा नसतो. त्याच्याजवळ मुलांची पारख असते व हातोटी असते. काही चुकीच्या सवयीही असतात. त्याला शिकवावयाचे ते या शिदोरीच्या आधाराने. पंचवीस वर्षे शिकविणाऱ्यास आणि काल रुजू झालेल्यास एकाच सतरंजीवर बसवून एकच व्याख्यान देणे म्हणजे हा जुना धडा विसरणे होय. सेवाग्रामच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती. तेथे शिक्षक होऊ पाहणारा स्वतः सूत कातीत असे, शेतात काम करीत असे आणि त्या कामातूनच मुलास गणित व विज्ञान कसे द्यावे हे शिकत असे. प्रशिक्षण कामाच्या जागीच होत असे.

सेवेतील प्रशिक्षणाची रचना

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे असे सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९९४ पासून महाराष्ट्रात सुमारे दहा-दहा शाळांची केंद्रे करून त्यांवर केंद्रप्रमुख नेमण्यात आले आणि केंद्राच्या शिक्षण परिषदांची प्रथा पडली. २०१७ साली 'दीक्षा' हे संगणकीय व्यासपीठ सुरू झाले व २०१९ साली 'निष्ठा' प्रशिक्षणास प्रारंभ झाला. त्यामुळे केळझर वा हिंगणीच्या शिक्षकास घरबसल्या भ्रमणध्वनीवर पाठ पाहता येतात व प्रमाणपत्रही मिळते.

रचना आहे, साधनेही आहेत. तरीही प्रशिक्षणात ऐकलेले वर्गात उतरत नाही, ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिचे कारण शिक्षकाचा आळस हे क्वचितच असते.

ऐकलेले वर्गात का उतरत नाही

अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास या प्रश्नाचा विचार केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे प्रशिक्षणाची अंगे पाच: तत्त्व समजावणे, करून दाखविणे, शिकणाऱ्याकडून सराव करविणे, त्या सरावावर अभिप्राय देणे आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत राहून मार्गदर्शन करणे. पहिल्या दोन-तीन अंगांनी ज्ञान वाढते व कौशल्यही काहीसे येते. परंतु शेवटची सोबत नसेल तर नवी रीत वर्गात फारशी टिकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

गावच्या माणसास हे सांगावयास अभ्यासक लागत नाही. पोहणे काठावरून ऐकून येत नाही आणि नांगराचा तास सरळ काढणे वडीलधाऱ्याने सोबत चालून दाखविल्याखेरीज साधत नाही. बहुतेक प्रशिक्षणे मात्र तत्त्व सांगून थांबतात. फार झाले तर चित्रफीत दाखवितात. सराव, अभिप्राय आणि सोबत ही तीन अंगे राहून जातात. शिक्षक परत येतो तेव्हा त्याच्यासमोर तीच चार इयत्तांची मुले असतात. नवी रीत प्रथम अडखळते, वेळ खाते आणि आठवड्याभरात जुनी रीत परत येते.

केंद्रातील पाठाभ्यास

ही उरलेली अंगे केंद्राच्या पातळीवर, फारसा खर्च न करता, भरून काढता येतात. जपानमध्ये यासाठी 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठाभ्यास ही रीत फार वर्षांपासून रूढ आहे. तीत काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात. त्यांच्यापैकी एकजण तो खऱ्या वर्गात घेतो. बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात. नंतर सर्वजण चर्चा करतात, पाठ दुरुस्त करतात आणि दुसरा शिक्षक तो दुसऱ्या वर्गात घेतो.

एक उदाहरण घेऊ. ४२ वजा १७ ही वजाबाकी तिसरीतील पुष्कळ मुले ३५ अशी सोडवितात. शिक्षक म्हणतो, मुलाचे लक्ष नाही. वस्तुतः मुलाने लक्षपूर्वकच एक नियम चालविलेला असतो: मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा. म्हणून तो ७ मधून २ वजा करतो व ४ मधून १ वजा करतो. अशा मुलास "हातचा विसरलास" असे सांगून उपयोग नाही, कारण हातचा म्हणजे काय हेच त्यास कळलेले नाही. त्याच्या हाती तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या व दोन सुट्या काड्या द्याव्यात आणि १७ काड्या मागाव्यात. सुट्या दोनच आहेत, सात द्यावयाच्या आहेत. मग एक जुडी सोडणे भाग पडते. आता सुट्या १२ झाल्या व जुड्या ३ राहिल्या. सात सुट्या व एक जुडी दिल्यावर दोन जुड्या व पाच सुट्या उरतात. २५ हे उत्तर मुलाच्या हातातच येते. फळ्यावरील खूण त्यानंतर करावी.

हा पाठ केंद्रातील चार शिक्षकांनी मिळून आखला, एकाने घेतला व तिघांनी मुलांकडे पाहिले, तर काय घडेल? जुडी सोडण्यापूर्वी कोणते मूल थबकले, कोणी शेजाऱ्याचे पाहून केले, कोणास काड्यांनी जमले पण अंकांत जमले नाही, हे शिकविणाऱ्यास दिसत नाही, पाहणाऱ्यांस दिसते. येथे एक पथ्य पाळावे लागते. चर्चा मुलांच्या शिकण्याची करावी, शिक्षकाच्या गुणदोषांची करू नये. हे पथ्य सुटले तर पुढच्या खेपेस कोणीही आपल्या वर्गाचे दार उघडणार नाही. अधिकारी उपस्थित असेल तर त्यानेही तेवढा वेळ तपासनीसाची वही मिटून ठेवावी.

शाळेतील दुसरा शिक्षक हा तर रोजचाच सोबती. आठवड्यातून एकदा अर्धा तास एकाने दुसऱ्याचा पाठ पाहिला, तरी सोबतीचे अंग पुरे होऊ लागते. त्या वेळी मोठ्या मुलांस वाचनाचे काम देता येते. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचाही समावेश केला आहे. तयारी हे काम आहे, हे कायद्यासही मान्य आहे.

पद, वेतन आणि परीक्षा

शिक्षकाच्या प्रगतीची दुसरी बाजू सेवेच्या पायऱ्यांची. तिच्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. शिक्षकासही घरसंसार आहे. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी व २४ वर्षांनंतर निवड श्रेणी यांसाठी प्रशिक्षणाची अट आहे. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पुढील पायऱ्या होत. त्यांपैकी काही पदे पदोन्नतीने व काही स्पर्धापरीक्षेने भरली जातात.

यातच शिक्षक पात्रता परीक्षेची भर पडली आहे. महाराष्ट्रात ती २०१३ साली प्रथम झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे अशा, ही परीक्षा न दिलेल्या सेवेतील शिक्षकांनी ती दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी असे सांगितले. पाच वर्षांहून कमी मुदत उरलेल्यांस सेवेत राहता येईल, पण परीक्षेवाचून पदोन्नती मिळणार नाही, असेही त्यात म्हटले. वीस-वीस वर्षे निष्ठेने शिकविलेल्या शिक्षकांस या निर्णयाने चिंता वाटली, हे स्वाभाविक आहे. त्या चिंतेस कमी लेखू नये. तथापि परीक्षेचा पाठ्यक्रम पाहिला तर बालमानसशास्त्र, भाषा, गणित, परिसर अभ्यास हे विषय रोजच्या वर्गाचेच आहेत. एकट्याने रात्री पुस्तक घोकण्यापेक्षा केंद्रातील चौघांनी मिळून वजाबाकीतील चुकांचा वर सांगितल्याप्रमाणे अभ्यास केला, तर परीक्षेची तयारीही होते व वर्गाचीही.

वय झाले म्हणून शिकणे थांबत नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रापुढे अनुताई वाघ यांचे आहे. प्राथमिक शिक्षिका म्हणून सुरुवात करून त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडच्या आदिवासी भागात बालशिक्षणाचे काम करीत राहिल्या. काम चालू असतानाच त्यांनी पुढचे शिक्षण घेतले आणि १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, पदवी संपादन केली.

शाळेत काय करावे

प्रथम, प्रशिक्षणास जाण्यापूर्वी आपल्या वर्गातील एक नेमकी अडचण कागदावर लिहून न्यावी. "मुले गणितात कच्ची आहेत" ही अडचण नव्हे. "तिसरीतील सात मुले जुडी सोडून वजाबाकी करू शकत नाहीत" ही अडचण होय. ती प्रशिक्षकापुढे मांडावी.

दुसरे, परत आल्यावर सर्व काही बदलण्याचा हव्यास धरू नये. एकच गोष्ट निवडावी, ती तीन आठवडे चालवावी आणि काय झाले ते चार ओळींत टिपून ठेवावे. जे साधले नाही तेही लिहावे. अशी वही दोन वर्षांची झाली की, ती कोणत्याही प्रमाणपत्राहून शिक्षकाच्या प्रगतीची खरी साक्ष देईल.

तिसरे, शाळेतील सोबत्यास शिकलेली गोष्ट करून दाखवावी. त्याने त्या दिवशी सर्व इयत्तांचा भार वाहिला आहे. त्या प्रशिक्षणावर त्याचाही हक्क आहे.

चौथे कर्तव्य कार्यालयाचे आहे. एकाच शाळेचे दोन्ही शिक्षक एका दिवशी बोलावू नयेत. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मुलांची गैरहजेरी आधीच वाढते. त्या दिवसांत शिक्षकही वर्गाबाहेर ठेवू नये. प्रशिक्षणानंतर छायाचित्रे व अहवाल मागविण्याऐवजी महिन्याभराने त्या वर्गात जाऊन अर्धा तास बसावे आणि काय अडले ते विचारावे.

प्रशिक्षण वाया गेले की सार्थकी लागले, याचा निकाल प्रशिक्षणाच्या दालनात लागत नाही. तो शाळेत लागतो. प्रशिक्षणाच्या दिवशी मागच्या ओळीत गणिते घेऊन एकटा बसलेला तिसरीचा मुलगा महिन्याभराने स्वतःच्या हाताने जुडी सोडून २५ हे उत्तर काढू लागला, म्हणजे त्याचा दिवस त्यास परत मिळाला असे समजावे.