ड्रोन चढेल, बॅटरीचं काय?

पुण्या-मुंबईची शूटिंगची टीम बंगळुरूला निघाली की कॅमेरे, लेन्स, दिवे यांची फारशी काळजी कुणी करत नाही. घोर असतो तो ड्रोनच्या बॅटऱ्यांचा. ड्रोनचा सांगाडा आणि पाती चेक-इन सामानात जातात, सुटी बॅटरी मात्र तिथे अजिबात चालत नाही. ती हातातल्या बॅगेतूनच न्यायची, आणि तीही ठरावीक क्षमतेपर्यंतच. पेट घेण्याची भीती असलेली वस्तू माणसांमध्ये ठेवायची आणि खालच्या मालकक्षात मात्र नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. पण त्यामागचं कारण एकदा कळलं, की बाकीचे नियम आपोआप लक्षात राहतात.

लिथियम बॅटरीतला द्रव ज्वलनशील असतो. मार बसला, बॅटरी चेंबली, जास्त चार्ज झाली किंवा ती बनवतानाच काही खोट राहून गेली, तर आतला पातळ पडदा फाटून शॉर्ट सर्किट होतं. सेल तापतो, तापल्यामुळे आतली रासायनिक क्रिया आणखी वेग घेते आणि उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोचते. मोठ्या ड्रोनच्या बॅटरीत सहा किंवा बारा सेल एकमेकांना चिकटून असतात. फटाक्यांच्या माळेसारखे ते एकामागून एक पेटत जातात. मालकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या सेलला थंड करत नाही. त्यासाठी पाणी हवं, आणि पाणी ओतायला माणूस हवा. उडत्या विमानात माणूस पोचू शकतो तो केबिनमध्येच.

11 नोव्हेंबर 2017 रोजी तिरुवनंतपुरमहून बंगळुरूला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात एका बॅगेतल्या लॅपटॉपमधून धूर निघाला. कर्मचाऱ्यांनी आधी अग्निशामक वापरला, मग लॅपटॉप पाण्यात ठेवला आणि विमान सुखरूप उतरलं. तोच लॅपटॉप खालच्या सामानात असता तर? 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग 747 विमानात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. माल पेटला, कॉकपिट धुराने भरलं, विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायलाही जगभर बंदी आली. या नियमांना कटकट म्हणणाऱ्यांनी ते दोन वैमानिक आठवावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागायचं आणि व्होल्टने गुणायचं. येतात ते वॉट-अवर. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते. 100 ते 160 पर्यंतची विमान कंपनीची आधी मंजुरी घेऊनच, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. 160 च्या वर प्रवाशाला नेता येत नाही, मग मंजुरी कुणाचीही असो.

ड्रोन बनवणाऱ्यांनी या आकड्यांवर डोळा ठेवूनच यंत्रं घडवली आहेत. डीजेआयच्या इन्स्पायर 3 ची एक बॅटरी 98.8 वॉट-अवरची. ड्रोनला अशा दोन लागतात, पण नियम प्रत्येक बॅटरी वेगळी मोजतो, म्हणून दोन्ही चालतात. त्याच कंपनीच्या जुन्या मॅट्रिस 600 ला सहा बॅटऱ्या लागत. त्यासाठी 99.9 ची एक आणि जवळजवळ 130 ची दुसरी, असे दोन पर्याय होते. दुसरा निवडला तर एका उड्डाणाच्या बॅटऱ्या न्यायला तीन माणसं हवीत, तीही मंजुरीसह. खरी अडचण होते ती सिनेमाचा जड कॅमेरा उचलणाऱ्या मोठ्या ड्रोनची. सहा सेलची, 16,000 मिलीअँपिअर-अवरची, 22.2 व्होल्टची बॅटरी धरा: 355 वॉट-अवर. आगरोधक पिशवीत घातली म्हणून ती लहान होत नाही.

अशा बॅटरीला हवाई मार्ग एकच, मालवाहू विमान. तिथेही चार्ज 30 टक्क्यांपेक्षा जास्त नको, पॅकिंग ठरल्याप्रमाणे हवं आणि घातक मालाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने कागदपत्रं केलेली हवीत. दोन दिवसांच्या शूटिंगसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. बंगळुरू हे कन्नड चित्रपटसृष्टीचं गावच, सामान भाड्याने मिळतं. बॅटऱ्या तिथेच घ्याव्यात. घेताना कनेक्टर आपल्या ड्रोनला जुळतो का आणि बॅटरी कुठे फुगली आहे का, हे हाताने चाचपून पाहावं. सपाट पाठीवर किंचितही फुगवटा लागला तर ती परत करावी. स्वतःच्याच बॅटऱ्या हव्या असतील तर पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे साधारण साडेआठशे किलोमीटर गाडीने न्याव्यात, मात्र जेवायला थांबताना बंद गाडीत उन्हात सोडू नयेत.

चालणाऱ्या बॅटऱ्यांनाही तयारी लागते. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, टोकांवर चिकटपट्टी, आणि वॉट-अवरचा छापील आकडा वर दिसेल अशी. सुरक्षा तपासणीत जवान तोच आकडा शोधतो. लेबल झिजलं असेल तर तोंडी हिशेबावर त्याने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा चूक आहे. मंजुरीचा ईमेल छापून जवळ ठेवावा. केबिनची बॅग आयत्या वेळी गेटवर खाली टाकायला घेतली, तर आधी बॅटऱ्या बाहेर काढाव्यात. घाईत हे हमखास राहतं.

परतीच्या वेळी टीम दमलेली असते आणि न वापरलेल्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असतात. भरलेली बॅटरी पेटली तर जास्त जोरात पेटते. म्हणून शेवटचा शॉट झाल्यावर हॉटेलात त्या अर्ध्याच्याही खाली उतरवाव्यात, आणि मगच देवनहळ्ळीच्या विमानतळाची टॅक्सी बोलवावी.