धबधब्यातल्या उभ्या रेघा

'सॉनिक द हेजहॉग' हा सेगाचा गेम १९९१ सालचा. त्याच्या पहिल्याच टप्प्यात, ग्रीन हिल झोनमध्ये, धबधबे लागतात. लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडून कुठलाही फिल्टर न लावता ते पाहिले, तर पाणी दिसतच नाही. दिसतात त्या शेजारीशेजारी उभ्या रेघा: एक भरलेली, एक रिकामी, पुन्हा एक भरलेली. रिकाम्या रेघांतून मागचं दृश्य डोकावत राहतं.

इम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये जेनेसिस प्लस जीएक्स हा कोअर, म्हणजे सेगाच्या यंत्राची नक्कल करणारा भाग, चालू असला, की त्याच्या पर्यायांत जुन्या टीव्हीच्या सिग्नलची नक्कल करणारा ब्लार्गचा एनटीएससी फिल्टर सापडतो. त्यात आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारी जोडणी, निवडली तर रेघा तशाच ठसठशीत राहतात. कंपोझिट निवडलं की त्या एकमेकींत विरघळतात आणि पलीकडचं दिसू देणारं, खरंखुरं पाणी तयार होतं. मात्र त्याच वेळी वरच्या कोपऱ्यातल्या स्कोअरच्या आकड्यांना रंगाच्या कडा फुटतात. पाणी हवं तर आकडे थोडे बिघडणार, हा सौदा मान्य करावा लागतो.

असं होतं, कारण सॉनिक ज्यावर चालायचा त्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राकडे अर्धपारदर्शक रंग दाखवायची सरळ सोय नव्हती. कंपोझिट जोडणीत उजेड आणि रंग एकाच तारेतून जायचे आणि बारीक तपशील वाटेत पुसला जायचा. तारेच्या या दुबळेपणाचा त्या काळचे चित्रकार फायदा उठवत. कार्ट्रिजमध्ये ते रेघा ठेवत, त्यांचं पाणी टीव्ही करायचा. म्हणून गेमची फाइल जशीच्या तशी, स्वच्छ दाखवली म्हणजे मूळ चित्र मिळालं, हे मला पटत नाही. चित्राचा एक हिस्सा टीव्हीतच राहून गेलेला असतो आणि तो फिल्टरच्या आकड्यांतून पुन्हा उभा करावा लागतो.

निन्टेन्डोच्या एनईएस या गेमयंत्राचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. त्याची चित्र काढणारी चिप लाल, हिरवा, निळा असे आकडे देतच नाही, थेट कंपोझिट सिग्नल सोडते. त्यामुळे 'सुपर मारिओ'चं आकाश नक्की कोणत्या निळ्याचं, याला एकच उत्तर नाही. इम्युलेटरमध्ये रंगांच्या पॅलेटची यादीच असते. एका पॅलेटवर आकाश निळंशार, तर दुसऱ्यावर जांभळटाकडे झुकलेलं.

रंग ठरले, की पाळी शेडरची, म्हणजे चित्रावर जुन्या पडद्याचा परिणाम चढवणाऱ्या प्रोग्रॅमची. टिमोथी लॉट्स यांच्या सीआरटी (ट्यूबच्या टीव्हीची नक्कल करणाऱ्या) शेडरमध्ये 'हार्डस्कॅन' नावाचा आकडा असतो. तो मुळात उणे ८ वर असतो. उणे १६ कडे नेला की आडव्या रेषा बारीक होतात, मधल्या काळ्या फटी रुंदावतात आणि सगळं चित्र मंदावतं. खऱ्या ट्यूबमध्येही अशा फटी होत्या, पण तिथे जास्त उजेडाची रेषा जाड व्हायची आणि पांढऱ्या भागात फट जवळपास भरून जायची. म्हणून फिल्टर पारखताना मी अंधाऱ्या गुहेपेक्षा पांढरे ढग बघतो. ढगावरही काळे पट्टे तितकेच गडद दिसले, तर ती नुसती जाळी झाली, टीव्ही नव्हे.

या रेषा आजच्या पडद्यावर बसवताना साधा भागाकार आडवा येतो. एनईएसच्या चित्रात २४० रेषा. फुल एचडी पडद्यावर पिक्सेलच्या ओळी १०८०, म्हणजे एका रेषेच्या वाट्याला साडेचार. अर्धी ओळ देता येत नाही, म्हणून काही रेषा चार ओळींच्या, काही पाचच्या होतात. चित्र वरखाली सरकू लागलं, की त्यातून लाटांसारखे पट्टे उठतात. 'इंटिजर स्केल', म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणारा पर्याय, चालू केला तर चित्र ९६० ओळींवर थांबतं, वर-खाली साठसाठ ओळी काळ्या राहतात आणि पट्टे नाहीसे होतात. फोर-के पडद्यावर मात्र हिशेब चोख बसतो: २१६० भागिले २४०, बरोबर नऊ.

उरतो तो प्रश्न असा, की टीव्ही कोणाचा? तयार सेटिंग बहुतेक जपानी किंवा अमेरिकी एनटीएससी संचासाठी केलेली असतात. आपल्याकडे पाल पद्धत होती: ६२५ रेषा, पडदा रंगवायचा सेकंदाला ५० वेळा. नव्वदच्या दशकात 'व्हिडिओ गेम' म्हणून घरोघरी आलेले डबे बहुतांशी फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी आवृत्तीच्या, नकला होते आणि त्यांची वायर अनेकदा टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जायची. त्या वाटेने येणारं 'काँट्रा' या गेममधलं जंगल आणखी मऊ, थोडं मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. एनटीएससीची इंद्रधनुषी कड त्यावर लावली, तर ते अमेरिकेतल्या दिवाणखान्यातलं 'काँट्रा' होतं. चित्र सुंदर येतं, पण ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

म्हणून सगळ्या गेमना एकच फिल्टर लावण्याचा हट्ट मी धरत नाही. रेट्रोआर्च प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रीसेट जतन करू देतं. भरपूर मजकूर वाचायचा असेल तिथे आरजीबी आणि हलक्या रेषा, रंग मिसळून सावली केलेली असेल तिथे कंपोझिट. पडद्याला बाक देणारे 'वार्प'चे दोन आकडे मात्र मी सगळीकडे शून्यावर आणतो. ट्यूबचा पडदा सपाट करायला टीव्ही कंपन्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळला. फुगीर काच ही कोणाच्याच चित्रकलेचा भाग नव्हती.